दारू सुटलेल्या माणसाचे आपण काय करतो?

२०२५ च्या जून महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पटींवर नेले, आणि त्यामुळे तिजोरीत वर्षाकाठी सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल असा अंदाज सांगितला. मादक पेयांचे सेवन बंद करण्यासाठी प्रयत्न करणे हे राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. त्याच घटनेची शपथ घेतलेले सरकार दारूच्या खपावर अंदाजपत्रक उभे करते, ही विसंगती आपल्या तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत चर्चेला आली, तेव्हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आकडे मांडण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते चोख केले. अप्रत्यक्ष कराचा भार गरिबावर कसा पडतो, दारूची मागणी अलवचिक असल्यामुळे किंमत वाढली तरी पिणारा स्वतःचे पिणे कमी करण्याआधी घरातले दूध कसे कमी करतो, हे मी सविस्तर सांगितले. साथींनी टाळ्या वाजविल्या. बैठक संपल्यावर मी वराळ्याला घरी आलो आणि प्यालो.

कबुलीजबाब देण्याची मला हौस नाही आणि या पानाचे ते कामही नव्हे. परंतु त्या बैठकीत आम्ही दारूच्या दुकानाविषयी, परवान्याविषयी, मंत्र्यांविषयी आणि साखर कारखान्यांच्या मळीविषयी बोललो. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाविषयी एक वाक्यही कोणी उच्चारले नाही. तसा एक माणूस त्या खोलीत बसला आहे, हे मला माहीत होते. इतरही काही जणांना ते माहीत होते, असे पुढे कळले.

या प्रश्नावर आपल्या चळवळीचा वारसा लहान नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, शहरात दारूच्या दुकानांना मिळणाऱ्या उत्तेजनाविरुद्ध त्यांनी लेखी आक्षेप नोंदविला होता. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातील दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. १९३९ मध्ये मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी आणली, १९४९ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे परवान्यांच्या वाटेने तो कायदा आतून पोकळ होत गेला. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांनी बंदी मिळविली. चंद्रपूरने ती २०१५ साली मिळविली आणि २०२१ साली गमावली. गावोगावच्या स्त्रियांनी मतपत्रिकेवरील आडव्या बाटलीवर शिक्का मारून दुकाने बंद पाडली. या लढ्यांचे खरे कर्तेपण स्त्रियांकडे आहे आणि त्यांच्या मागणीत काडीचीही तडजोड करावी असे मला आजही वाटत नाही. पण हे सारे लढे दुकानाच्या दारापर्यंत जाऊन थांबतात. दुकान बंद झाले की माणूस मोकळा झाला, असे गृहीत धरण्याइतके आपण यांत्रिक झालो आहोत काय?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेले सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे २ कोटी ९० लाख तिच्यावर पूर्णतः अवलंबून आहेत, असे ते सांगते. हे आकडे आपण भाषणांत वापरतो. त्याच अहवालातील पुढचा आकडा मात्र सहसा वापरला जात नाही: अशा अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही प्रकारचे साहाय्य मिळते, आणि रुग्णालयात राहून उपचार मिळतात ते १८० जणांपैकी एकाला. उरलेले मरेपर्यंत पितात, किंवा एकट्याने सोडतात आणि एकट्याने पुन्हा धरतात.

मी त्या १८० पैकी एक ठरलो, कारण माझ्यापाशी निवृत्तिवेतन होते आणि शेजारी एक समंजस डॉक्टर होते. वाचकांपैकी कोणाला उपयोग होईल म्हणून एक गोष्ट येथेच नोंदवितो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने निश्चयाच्या भरात घरच्या घरी एकाएकी दारू तोडणे धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम, भास आणि शरीरभर कंप सुरू होऊ शकतो, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. आपल्या स्त्री-कार्यकर्त्या एखाद्याला शपथ घालून घरात बसवितात, तेव्हा त्यांनी आधी डॉक्टर गाठावा. थायमिन नावाचे एक स्वस्त जीवनसत्त्व आणि काही दिवस नजरेखाली दिलेली शामक औषधे यांनी हा टप्पा सुखरूप ओलांडता येतो.

शरीराचा टप्पा असा आठ-दहा दिवसांत ओलांडला जातो. मी ज्याविषयी लिहिणार आहे तो टप्पा त्यानंतरचा आहे.

रुग्णालयातून परत आल्यावर सकाळ चांगली जाते. झोप तुटक असते. पण हात थरथरत नाही, वर्तमानपत्र वाचता येते, चहाची चव लागते. दुपारी चारच्या सुमारास मात्र घरातील घड्याळ वेगळे चालू लागते. बावीस वर्षे माझी संध्याकाळ साडेसहाला सुरू होऊन अकराला संपत असे आणि मधल्या साडेचार तासांचा हिशेब कोणी मागत नसे. दारू गेली तेव्हा ते साडेचार तास जसेच्या तसे परत आले. त्यांचे करायचे काय, हे मला माहीत नव्हते. आयुष्यभर उपभोग, बचत आणि श्रम यांचे सिद्धान्त शिकविलेल्या माणसाला रिकाम्या वेळाचा असा साठा हाताळता येऊ नये, हे हास्यास्पद होते. पण तसे होते खरे. पिण्यातले सोबती मी सोडले होते, सोडणे भागच होते. न पिणारे सोबती मला अनेक वर्षांपूर्वीच सोडून गेले होते, अतिशय सभ्यपणे, एक शब्दही न बोलता. डॉ. लोहियांनी १९६२ साली नैनितालला ‘निराशा के कर्तव्य’ या विषयावर जे भाषण केले, त्यात निराशेचे राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय आणि मानवी असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्या भाषणावर मी शिबिरांतून बौद्धिके घेतली आहेत. दुपारी चारची निराशा त्या तिन्हींत बसत नाही.

गॅरी बेकर आणि केव्हिन मर्फी या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ साली असा सिद्धान्त मांडला की, व्यसनी माणूससुद्धा विवेकाने निवड करतो: भविष्यातील किंमत आणि हानी यांचा हिशेब करून तो आजचा उपभोग ठरवितो. पदव्युत्तर वर्गात मी हा सिद्धान्त अनेक वर्षे शिकविला, आणि त्यात काहीच तथ्य नाही असे आजही म्हणणार नाही. किंमत वाढली की खप काळाच्या ओघात घटतो, हे खरे आहे. काल प्यालेला पेला आजच्या पेल्याची ओढ वाढवितो, हेही खरे आहे. पण त्या समीकरणात एक गोष्ट नाही. त्यात दुसरा माणूसच नाही. एकटा माणूस, त्याचे एकट्याचे सुख आणि त्याचा एकट्याचा हिशेब. भांडवली अर्थशास्त्राच्या या गृहीतावर आपण कामगाराच्या वेतनाबाबत तुटून पडतो. व्यसनाबाबत मात्र आपणही नकळत तेच गृहीत धरून चालतो. ‘त्याने ठरवायला हवे’, ‘मनाचा निग्रह हवा’, ही वाक्ये आपल्या कार्यालयांतूनही ऐकू येतात.

वराळ्याच्या संध्याकाळी मला जे दिसले ते असे. गावातल्या देवळात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. पलीकडे भंडारा डोंगर दिसतो, देहू जवळच आहे. या टापूत वारकऱ्यांची घरे पुष्कळ आहेत. माझ्या शेजारी राहणारे एक गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेले माळकरी आहेत. त्यांनी मला रुग्णालयातून परतताना पाहिले होते. चौथ्या की पाचव्या दिवशी ते दारात येऊन म्हणाले, “सर, सातला देवळात येऊन बसा.” मी म्हणालो, “माझा देवावर विश्वास नाही.” ते म्हणाले, “नसू द्या. टाळ धरायला माणूस कमी पडतो.” त्यांनी दारूचे नाव काढले नाही. त्यांनी स्वतः माळ घातली ती दारू सोडण्यासाठीच, हे मला दोन महिन्यांनी दुसऱ्याच कोणाकडून कळले.

आपल्या मावळातल्या गावांतून माळ घालून दारू सुटलेली माणसे प्रत्येक वाचकाच्या परिचयाची असतील. बुद्धिवादी म्हणून मी आजवर त्याचे श्रेय श्रद्धेला किंवा भीतीला देऊन विषय संपवीत असे. आता मला ते अपुरे वाटते. तुळशीची माळ गळ्यात पडली की मद्य आणि मांस वर्ज्य होते, ही प्रतिज्ञा चारचौघांत होते आणि गळ्यात दिसत राहते. त्यामुळे जुने सोबती आग्रह करीत नाहीत, आणि आग्रह केला तर गाव त्यांनाच बोल लावते. पण तेवढ्याने भागत नाही. माळेबरोबर माणसाला एक वेळापत्रक मिळते: संध्याकाळचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, सप्ताह, वारी. एक काम मिळते: टाळ धरणे, पंगतीत वाढणे, सतरंज्या घालणे. आणि कालपर्यंत ज्याला पाहून बायका दार लावून घेत, त्याला ‘माऊली’ म्हणून हाक मारणारी आणि त्याच्या पाया पडणारी माणसे मिळतात. हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मी माळ घातलेली नाही. ईश्वराविषयीचा माझा संशय शाबूत आहे. टाळ मात्र मी बरा धरू लागलो आहे.

साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी प्राण पणाला लावले. वारकऱ्यांपाशी काहीतरी मोलाचे आहे, हे जाणूनच त्यांनी त्यांच्याकडे न्याय मागितला असणार. आपण त्यांच्याकडून मोर्च्यापुरते लोक मागत राहिलो.

याच गोष्टीचे दुसरे, निधर्मी म्हणता येईल असे रूप म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या रबर कारखान्यांच्या शहरात रोखे बाजारातला एक बुडालेला माणूस, बिल विल्सन, आणि एक शल्यविशारद, डॉ. बॉब स्मिथ, असे दोन मद्यपी भेटले. विल्सन नुकताच पिणे थांबवून परगावी आला होता, धंद्यात अपयश आले होते आणि समोर हॉटेलचा बार दिसत होता. त्याने बारमध्ये न जाता आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यप्याचा शोध घेतला, आणि त्याच्याशी बोलत राहिल्यामुळे स्वतः वाचला. संघटनेचा सारा शोध एवढाच आहे. भारतात ती १९५७ साली आली आणि पुण्या-मुंबईत तिच्या मराठी सभा भरतात. समाजवाद्याने तिची घटना अवश्य अभ्यासावी. वर्गणीची सक्ती नाही. बाहेरची देणगी घ्यायची नाही. मालमत्ता जमवायची नाही. पदे आळीपाळीने फिरती. कोणत्याही राजकीय वा धार्मिक वादात संघटनेने मत द्यायचे नाही. आणि सभासद होण्याची अट एकच, पिणे थांबविण्याची इच्छा. क्रोपोटकिनने १९०२ साली परस्पर साहाय्यावर जो ग्रंथ लिहिला त्याचा जिवंत नमुना पाहायचा, तर तो एखाद्या शाळेच्या वर्गात भरलेल्या या सभेत पाहावा. पक्षफुटीचा अनुभव असलेल्या आपल्यासारख्यांना तर पुष्कळच शिकता येईल. त्यांच्या पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे. तो प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावा अशी मुभाही आहे.

वृत्तपत्रातून कोणी आपले सभासदत्व जाहीर करू नये अशी तेथील परंपरा आहे. म्हणून मी त्यांच्यापैकी आहे की नाही याविषयी वाचकांनी तर्क करू नये. काही सभा बाहेरच्यांना खुल्या असतात. अशा सभेत जे दिसते ते सांगतो. एक माणूस उठतो, स्वतःचे पहिले नाव सांगतो आणि आपण किती खाली गेलो होतो ते सांगतो: मुलीच्या फीचे पैसे, बायकोचे मंगळसूत्र, कामावरून हकालपट्टी. ऐकणाऱ्यांपैकी कोणी धक्का बसल्यासारखे करीत नाही. काही जण ओळखीचे हसतात. मग तो सांगतो की या गोष्टीला आता नऊ वर्षे झाली. पहिल्या आठवड्यातला एखादा माणूस मागच्या बाकावर बसून हे ऐकत असतो. आशा हा शब्द आपण ठरावांतून फार सैलपणे वापरला. तेथे आशा म्हणजे समोर उभा असलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस असतो. आणि ‘आजच्या दिवसापुरते प्यायचे नाही’ हे तेथील सूत्र मी अर्थशास्त्रज्ञ म्हणूनही मान्य करतो. ज्याला दहा वर्षांनंतरचे यकृत दिसत नाही, त्याला रात्रीचे अकरा तरी दिसतात.

हे केवळ भाबडेपण नव्हे. २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा, म्हणजे १० हजारांहून अधिक माणसांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. माणसाला या सभांशी पद्धतशीरपणे जोडून दिले, तर पूर्णतः मद्यमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा अधिक राहते, असा त्याचा निष्कर्ष आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांकडून, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना सल्ला देण्याचा प्रयोग केला. तीन महिन्यांनी, असा सल्ला मिळालेल्या शंभरांपैकी ३६ जण धोक्याबाहेर आले. नेहमीची सेवाच मिळालेल्यांत हे प्रमाण २६ होते. पूर्ण मद्यपाशात सापडलेल्यांवरचा हा प्रयोग नव्हता, आणि शंभरांत दहाचा फरक ही काही क्रांती नव्हे. पण ज्या कामाला मानसोपचारतज्ज्ञच हवा असे आपण समजत होतो, त्यातले काही काम बारावी झालेला सहृदय तरुण करू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

शिवाय हे काम आपल्या अंगणातच सुरू झाले आहे. डॉ. अनिल अवचट आपल्याच युवक चळवळीतून आलेले. त्यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले, आणि १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. त्याची खरी घडण केली ती डॉ. सुनंदा अवचट यांनी. त्या १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले. काम पुढच्या पिढीने चालू ठेवले आहे. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते होतात, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा स्वतंत्र गट आहे. आपण या कामाचा गौरव करतो, वर्गणी पाठवितो आणि तेथून परतलेल्या माणसाला त्याच्या गावी एकटे सोडून देतो.

येथे कोणी साथी म्हणेल की हे समाजकार्य झाले, राजकारण नव्हे. मला वराळ्याचा रस्ता दिसतो. पलीकडे आंबीची औद्योगिक वसाहत. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात बंद झाला आणि कामगारांच्या नशिबी प्रदीर्घ लढा आला. जे कारखाने चालू आहेत त्यांत कंत्राटी कामगारांचा भरणा मोठा आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली ही मुले एका खोलीत चार-चार राहतात, पाळी संपवून रात्री परततात. जमिनी विकलेल्या घरांतही वेगळे नाही. तेथे पैसा आहे, काम नाही, आणि शेतीबरोबर दिवसाचा आकार गेला आहे. संध्याकाळी आठ वाजता या टापूत ज्या ठिकाणी दिवे आहेत, बसायला खुर्ची आहे, कोणी ‘या’ म्हणते आणि कितीही वेळ बसले तरी कोणी उठवीत नाही, असे ठिकाण कोणते? ग्रंथालय बंद असते. युनियनचे कार्यालय बंद असते. आपले कार्यालय तर निवडणुकीपुरतेच उघडते. बाजाराने माणसाची एक मूलभूत गरज ओळखून तिचे दुकान थाटले आहे आणि आपण त्या दुकानासमोर निदर्शने करीत आहोत.

त्यात कंत्राटी कामगाराने उपचारासाठी पाच आठवडे कोठून काढावेत? त्याची रजा म्हणजे त्याची नोकरी. मद्यपाश हा आजार मानून उपचारकाळात भरपगारी रजा आणि नोकरीची हमी, ही मागणी कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात वेतनवाढीच्या खालोखाल यायला हवी. ग्रामीण रुग्णालयात दारू तोडण्याचा पहिला आठवडा सुरक्षित पार पाडण्याची सोय हवी. उत्पादन शुल्काचा ठराविक हिस्सा व्यसनमुक्तीसाठी राखून ठेवावा, असे आपल्यातील काही जण सुचवितात. मला ते मान्य नाही. उपचाराचा पैसा दारूच्या खपाला बांधला, की उपचार करणाऱ्या संस्थांचेच हित खपात गुंतते. हा खर्च सर्वसाधारण महसुलातून व्हावा.

परंतु सरकारने काय करावे हे लिहिण्यात आपला हात बसलेला आहे. आपण काय करावे, याबाबत मी बालपणीच्या एका आठवणीकडे वळतो. राष्ट्र सेवा दलाची शाखा संध्याकाळी भरत असे. खेळ, गाणी, थोडे बोलणे, आणि दिवेलागणीला घर. शाखेवर कोणी दोन दिवस आला नाही, तर शाखानायक तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाई. ‘का आला नाहीस’ असे विचारीत नसे. ‘उद्या लगोरी आहे’ असे सांगून येई. हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तेव्हा भाकर हा राजकारणाचा विषय नाही असे कोणी म्हटले नाही. मग संध्याकाळ हा विषय का नसावा?

एक गोष्ट मात्र अडचणीची आहे आणि ती न लिहिणे अप्रामाणिक होईल. आपल्यातही पिणारे आहेत. शिबिराच्या शेवटच्या रात्री गाणी संपल्यावर कोणत्या खोलीत काय चालते, हे जुन्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. आपण त्याविषयी दोनच प्रकारे वागतो: माणूस उपयोगी असेतो डोळेझाक, आणि बोभाटा झाला की बहिष्कार. सोडून परत आलेल्याला आपण व्यासपीठावर बसवितो, त्याचा सत्कार करतो, त्याच्याकडून तरुणांसाठी चार शब्द वदवून घेतो. साथींनो, त्याला नमुना करू नका. पहिल्या वर्षात बरेच जण पुन्हा घसरतात. ज्याचा जाहीर सत्कार झाला आहे त्याला घसरल्यावर परत येणे दुप्पट कठीण होते. मी स्वतः तिसऱ्या महिन्यात एकदा घसरलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात जायला मला लाज वाटली, म्हणून गेलो नाही. आठ वाजता माळकरी शेजारी टाळांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. “सर, उद्या एकादशी आहे, लवकर या,” एवढेच म्हणाले. त्या पेल्यापासून मोजले तर मला आता नऊ महिने होतील.

दोन महिन्यांपूर्वी तळेगावच्या आपल्या कार्यालयाची किल्ली मी मागून घेतली. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सात ते नऊ, मी कुलूप उघडून बसतो. दारावर पाटी लावलेली नाही. पहिले दोन आठवडे मी एकटाच जुने अंक चाळीत होतो. मग आंबीच्या एका कारखान्यातला मुलगा आला आणि दारातच उभा राहून त्याने विचारले, “सर, इथे मीटिंग आहे का?” मी म्हणालो, “नाही. चहा आहे.” तो बसला. त्याला कॅरम हवा होता; तो आम्ही आणला आहे. आता सहा-सात जण येतात. त्यांतले किती जण दारू सोडणारे आहेत आणि किती जण नुसतेच येतात, हे मी विचारीत नाही. दोघांनी आपणहून सांगितले. गेल्या शुक्रवारी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचे होते, तर कुलूप उघडायला दुसरे कोणी मिळाले नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकेल असा एक साथी हवा आहे. भाषण करता यावे अशी अट नाही. स्टोव्ह आहे, कप कमी पडतात.